विनिमय की देवाणघेवाण?

समुद्रावरचा एक लेख मराठीत आणतेय. पाण्याचा पृष्ठभाग आणि हवा यांच्यात उष्णता आणि वायू जातात-येतात, त्याला मी ‘विनिमय’ लिहिलं. सासूबाईंनी वाचून विचारलं, “समुद्र धान्य देऊन मीठ घेतो का?” दुसरा शब्द सुचवा. आणि ‘सुप्त उष्णता’ चालेल ना?

— ताई, वायूंसाठी ‘देवाणघेवाण’ बिनधास्त लिहा. कार्बन डायऑक्साइडचे काही रेणू पाण्यात शिरत असतात, त्याच वेळी काही बाहेर पडत असतात. ज्या बाजूला आंशिक दाब (म्हणजे त्या एकट्या वायूचा दाब) जास्त, तिकडून निव्वळ जावक. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा साधारण पाव हिस्सा जगभरचे समुद्र पोटात घेतात. आपला अरबी समुद्र मात्र उलट्या चालीचा. पावसाळी वाऱ्यांनी सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याशी खालचं कार्बनने भरलेलं पाणी वर येतं, त्यामुळे एकूण हिशेबात तो हवेला देतो जास्त, घेतो कमी. म्हणून सरसकट ‘शोषण’ लिहू नका.
उष्णतेला देवाणघेवाण मला पटत नाही. समुद्र घेतो सूर्याकडून आणि देतो हवेला.

— असं कसं? हवेतली वाफ आणि ढग अवरक्त किरणांनी पाण्याला उष्णता परत देतातच की.

— मान्य, ते सुटलं माझ्याकडून. मग उष्णतेलाही चालेल.
‘सुप्त’ जुन्या पुस्तकांतला, चुकीचा नाही. पण आता दहावीला ‘अप्रकट उष्मा’ आहे आणि तोच मला जास्त आवडतो. सुप्त म्हणजे झोपलेली. ही झोपत नाही, लपते. माठाला हात लावून बघा. बाहेरून ओला, गार. पाझरलेलं पाणी उडून जाताना माठातली उष्णता घेऊन जातं. समुद्रावरही तेच: एक किलो पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता वाफेबरोबर जाते. त्या वाफेला थर्मामीटर लावून ती दिसायची नाही. वर ढग धरला की तिथे प्रकट होते, आणि चक्रीवादळ पोसलं जातं ते तिच्यावरच.

— वादळावरून आठवलं. जून २०१९ मध्ये अरबी समुद्रात आलेल्या चक्रीवादळाचं नावच ‘वायू’ होतं. संस्कृतात वायू म्हणजे वारा, विज्ञानाच्या पुस्तकात गॅस, आमच्या आजोबांना विचाराल तर पोटातला. लेखात ‘वायू वाहतो’ असं कुठे आलं असेल तर तिथे ‘वारा’ करा, नाहीतर वाचक कार्बन डायऑक्साइडच्या झुळकेची वाट बघेल.

— दोन ठिकाणी सापडलं! मथळा आता ‘समुद्राचं हवेशी देणंघेणं’ केलाय, सासूबाई खूश. ‘फ्लक्स’ तेवढा अडलाय. ‘अभिवाह’ लिहू?

— दर सेकंदाला एक चौरस मीटरमधून किती जातं, एवढंच सांगायचंय ना? पहिल्यांदा तसंच उलगडून लिहा, पुढे ‘फ्लक्स’ म्हणा. अभिवाह वाचून लोक अभिवादन करतील.