सुटकेआधी व्यसनमुक्ती सक्तीची हवी का?

बिनधास्त_बोला: गुन्हा करून मनोरुग्णालयाच्या बंदिस्त वॉर्डात आलेल्या रुग्णाला सोडायचं का, हे ठरवताना सगळे आजारच बघतात. भास थांबले, गोळ्या घेतोय, झालं. मला दारू-गांजाची जास्त काळजी वाटते. २००९ मध्ये स्वीडनमध्ये स्किझोफ्रेनियाच्या आठ हजारांवर रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या. जोडीला व्यसन असलेल्यांपैकी २७.६ टक्के हिंसक गुन्ह्यात दोषी ठरले होते, व्यसन नसलेल्यांपैकी ८.५. सर्वसामान्य लोकांत हेच प्रमाण ५.३ टक्के. तेव्हा व्यसनमुक्तीचा कार्यक्रम पुरा केल्याशिवाय सुटका नको.

रात्रपाळी: मी अशाच वॉर्डात नर्स आहे. आमच्याकडे दारू नाही, गांजा नाही (चोरून येतो कधीमधी, ते सोडा). तरी मारामाऱ्या होतात. जेवणात विष कालवलंय अशी ज्याची खात्री आहे, तो ताट आणणाऱ्याचीच गचांडी धरतो. क्लोझापीन हे भास-भ्रमांवरचं औषध लागू पडलं की यातले काही जण ओळखू येत नाहीत इतके निवळतात. नशेचं समुपदेशन तिथे काय करणार?

बिनधास्त_बोला: ताई, मान्य. पण ती वॉर्डातली हिंसा, मी सुटल्यानंतरचं बोलतोय. आत वर्षभर नशा केली नाही यात कसलं कौतुक, मिळतच नव्हती!

सहज_सुचलं: बिनधास्त यांच्याशी सहमत. अमेरिकेतल्या मॅकआर्थर अभ्यासातही (१९९८) हेच दिसलं. रुग्णालयातून घरी गेलेले, पण नशा न करणारे रुग्ण, त्याच वस्तीतल्या नशा न करणाऱ्या शेजाऱ्यांपेक्षा जास्त हिंसक नव्हते.

उलटतपासणी: ते साध्या मनोरुग्णालयांतले रुग्ण होते, गुन्ह्यामुळे डांबलेले नव्हेत. तो निष्कर्ष उचलून इथे कसा चिकटवता? आणि बिनधास्त, स्वीडनच्या अभ्यासातला अडचणीचा भाग बरा गाळलात! व्यसनी रुग्णांची तुलना त्यांच्या निरोगी भावंडांशी केली तेव्हा फरक बराच कमी झाला. त्या भावंडांतही १७.९ टक्के दोषी निघाले. म्हणजे आनुवंशिकता, घरातलं वातावरण, लहानपणीचे हाल, यातलं काहीतरी आजार आणि नशा या दोन्हींच्या मागे आहे. बारा सत्रांना हजेरी लावून ते जाणार आहे का? शिवाय ज्याला कार्यक्रमात जागाच मिळत नाही त्याने किती वर्षं कोंडून राहायचं? तुरुंगातल्याला निदान सुटकेची तारीख तरी माहीत असते.

बिनधास्त_बोला: भावंडांचा मुद्दा बिनतोड आहे. पण लहानपण बदलता येत नाही, नशेवर काम करता येतं. मग सक्ती सोडा, सशर्त सुटका द्या. बाहेर राहू दे, ठरावीक दिवशी लघवीची तपासणी, नशा सापडली की परत आत.

रात्रपाळी: "परत आत" म्हणालात की तो तपासणीलाच येणार नाही, आणि त्याबरोबर महिन्याचं इंजेक्शनही चुकवेल. एकदा घसरला तर आधी भेटी वाढवा, औषध बघा. धमक्या देतोय, शस्त्र बाळगतोय असं दिसलं तर आत घ्या, तिथे माझी हरकत नाही.

उलटतपासणी: आणि त्या वाढीव भेटी घेणार कोण? वॉर्डाबाहेर माणसं नेमायला पैसे द्यायची तयारी आहे का कुणाची?