फुलपाखराचा जीवनक्रम: हस्तकला आणि गणिताची शास्त्राशी सांगड कशी घालावी?

प्रश्न (बालवर्गाची शिक्षिका)

मी पाच ते सहा वर्षांच्या मुलांना शिकवते. दर वर्षी आम्ही गोल कागदाचे चार समान भाग करून त्यांत अंडे, अळी, कोश आणि फुलपाखरू यांची चित्रे चिकटवतो. या वेळी एका मुलीने ते चित्र बराच वेळ न्याहाळले आणि विचारले, "म्हणजे अंडे जितके दिवस असते, तितकेच दिवस अळी असते का?" तिचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण चारही भाग मीच सारखे कापून दिले होते. आपण तोंडाने न सांगितलेल्या गोष्टीही मुले हस्तकलेतून शिकत असतात, हे तेव्हा जाणवले. गणित तर मी आतापर्यंत वरूनच जोडत आले आहे. दोन फुलपाखरांत तीन फुलपाखरे मिळवा, असे सांगताना तिथे चेंडू असते तरी काही बिघडले नसते. जीवनक्रमातूनच निघणारे गणित कोणी करून घेतले आहे का?

उत्तर १ (प्राथमिक शिक्षक)

वर्तुळाऐवजी दिवसांची पट्टी करून पाहावी. एक चौकोन म्हणजे एक दिवस, एवढाच नियम. मोनार्क फुलपाखराचे उदाहरण घेतल्यास उबदार हवेत अंडे साधारण ४ दिवसांत फुटते, अळी सुमारे १४ दिवस खात राहते आणि कोश सुमारे १० दिवस टिकतो. मुले चार चौकोन एका रंगाने, चौदा दुसऱ्या आणि दहा तिसऱ्या रंगाने रंगवतात, तेव्हा सगळे मिळून २८ चौकोन होतात, आणि सात-सातच्या ओळी केल्यास ते बरोबर चार आठवडे भरतात. सर्वांत लांब पट्टा अळीचा आहे हे मुलांना मोजण्याआधीच दिसते, आणि मग "का?" हा प्रश्न त्यांच्याकडूनच येतो. वाढ होते ती फक्त अळीच्या अवस्थेत, हे उत्तर त्या वेळी सांगितले की नीट रुजते. हवा थंड असेल तर हे दिवस वाढतात आणि प्रत्येक जातीचे आकडे निराळे असतात, एवढे मात्र मुलांनाही स्पष्ट सांगावे.

उत्तर २ (कीटकांची अभ्यासक)

पट्टीची कल्पना उत्तम आहे. मी त्यात मण्यांच्या अळीची भर घालीन, कारण वर्गावर्गांतून दिसणाऱ्या कागदी अळ्यांना हवे तिथे आणि हवे तितके पाय चिकटवलेले असतात. फुलपाखराच्या अळीला डोके आणि त्यामागे शरीराचे १३ खंड असतात. एक मोठा मणी डोक्यासाठी आणि तेरा लहान मणी खंडांसाठी ओवावेत. पहिल्या तीन मण्यांना खऱ्या पायांची एकेक जोडी लावावी, चौथा आणि पाचवा मणी मोकळा ठेवावा, सहाव्यापासून नवव्यापर्यंतच्या मण्यांना आणि शेवटच्या तेराव्या मण्याला मऊ, आखूड पायांची एकेक जोडी लावावी. खरे पाय ६ आणि मऊ पाय १०, म्हणजे एकूण १६. फुलपाखरू होताना हे दहा मऊ पाय नाहीसे होतात आणि सोळातून दहा वजा केले की प्रौढ कीटकाचे सहा पाय उरतात. ही वजाबाकी निसर्गातच घडते, म्हणून मला ती फार मोलाची वाटते. मोनार्कच्या चित्रात मात्र मुलांना चारच पाय दिसतील, कारण त्याच्या पुढच्या पायांची जोडी अगदी लहान असून छातीशी दुमडलेली असते. एखादे मूल हे हेरेल, तेव्हा त्याचे निरीक्षण चूक ठरवू नये.

प्रश्नकर्ती

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. कोश करताना आम्ही अळीभोवती कापूस किंवा दोरा गुंडाळतो, ते योग्य आहे का? आणि घडी घालून रंगाचे ठसे उमटवण्याची कृती चालू ठेवावी का?

उत्तर २ (कीटकांची अभ्यासक)

धाग्यांचे वेष्टन, म्हणजे कोशेटा, हे बहुतांशी पतंगांचे काम आहे. फुलपाखराची अळी बहुधा रेशमाच्या लहानशा गादीला स्वतःला अडकवून घेते आणि शेवटची कात टाकते. कातेखालून उघडा होतो तोच कोश. त्यामुळे दोरा गुंडाळण्याऐवजी अळीवर कागदाची सैल नळी चढवावी आणि ती मुलांनीच ओढून काढावी, म्हणजे आतला हिरवा कोश दिसेल. कोशात अळी "झोपते" असेही सांगू नये, कारण आत तिच्या शरीराचा बराचसा भाग मोडून नव्याने घडत असतो.

उत्तर ३ (एक पालक)

ठशांची कृती अवश्य ठेवावी. आम्ही घरी चारही पंखांची बाह्यरेषा आधी कापून घेतली, कारण नुसत्या ठशात पुढचे आणि मागचे पंख एकच होऊन जातात. मुलाने एका बाजूला पाच ठिपके दिले की घडी उघडण्यापूर्वी मी "आता एकूण किती होतील?" असे विचारत असे. सुरुवातीला तो उघडून मोजत असे. काही दिवसांनी न उघडताच दहा म्हणू लागला. चारही पंख मधल्या भागाला, म्हणजे छातीलाच चिकटवावेत. पोटाला चिकटवलेले पंख मी अनेक ठिकाणी पाहिले आहेत. शेवटी आम्ही पातळ कागदाचे पंख बारीक चुण्या घालून कोशाच्या नळीत बसवले. फुलपाखरू बाहेर येते तेव्हा त्याचे पंख असेच चुरगळलेले असतात आणि शरीरातील द्रव त्यांच्या शिरांत भरल्यावर ते पसरतात. हे सांगून चुण्या हळूहळू उलगडायला दिल्या, तेव्हा मुलाने कागद फाटू नये म्हणून श्वास रोखून धरला होता.