असिटिल ग्रुपला चार्ज नाही, तरी बीएसए नेटिव्ह जेलवर पुढे का पळतं?

मृद्गंध:
नमस्कार मंडळी, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी बीएसएच्या (बोवाइन सीरम अल्ब्युमिन, गाईच्या रक्तातलं प्रोटीन) एका ट्यूबला ॲसेटिक अनहायड्राइड लावलं, दुसरीला सक्सिनिक. नेटिव्ह जेलवर (प्रोटीन न उलगडता चालवतात ते) साधं बीएसए मागे, असिटिलवालं त्याच्या पुढे, सक्सिनिलवालं अजून पुढे पण पसरट. सक्सिनिलला टोकाला कार्बोक्सिल आहे ते कळतं, पण असिटिलला तर चार्जच नाही ना, मग ते ॲनोडकडे (प्लस टोकाकडे) जास्त का सरकलं? आणि एसडीएस जेलवर (एसडीएस हे मायनस चार्जचं डिटर्जंट लावून चालवतात ते) साधं नि असिटिलवालं जवळपास एकाच जागी दिसतंय, म्हणजे रिअॅक्शन झाली का नाही?

जुना_बायोकेमवाला:
तू काय चिकटवलं ते बघतोयस, काय गेलं ते बघ. लायसिन या अमिनो ॲसिडच्या अमिनो ग्रुपचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे ग्रुप प्रोटॉन धरून असतात तो) साधारण १०.५, म्हणजे जेलच्या ८.८ पीएचला पण त्यातले बहुतेक प्लस चार्जवर असतात. असिटिल लागला की अमाइड होतं आणि अमाइड या पीएचला प्रोटॉन घेत नाही, प्लस गेला, एका लायसिनमागे जवळपास -१ चा फरक. सक्सिनिलमध्ये प्लस जातो आणि वर एक मायनस येतो, म्हणजे -२. बीएसएत ५९ लायसिन आहेत, त्यातले निम्मे जरी लागले तरी हिशोब कुठे जातो बघ! आणि प्रोटीन मुळातच मायनसमध्ये, पीआय (ज्या पीएचला एकूण चार्ज शून्य होतो तो) पाचच्या खाली, म्हणून ॲनोडकडे अजून जोरात.

उलटं पण करून बघता येतं. फॉर्मल्डिहाइड आणि सोडियम सायनोबोरोहायड्राइड वापरून मेथिल लावलास तर अमिनो अमिनोच राहतो, प्लस टिकतो, बँड फारसा हलत नाही. कंट्रोल म्हणून मला हा फार आवडतो.

एसडीएस जेलवरून ठरवू नकोस, तिथे एसडीएसचा मायनस चार्ज सगळं झाकून टाकतो.

लॅबकट्टा:
वरचं बरोबर, एक भर घालते. दर असिटिलला पूर्ण -१ मिळत नाही. हार्वर्डच्या व्हाइटसाइड्स ग्रुपने कार्बोनिक अनहायड्रेज या एन्झाइमवर चार्ज लॅडर (एकेका चार्जच्या फरकाची शिडी) केली होती, त्यात १८ लायसिन, थोडे थोडे असिटिलेट करून कॅपिलरीत (बारीक नळीतल्या इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये) चालवलं की ओळीने वेगवेगळे पीक दिसतात, आणि एका पायरीचा फरक साधारण ०.९ च निघतो, कारण एक प्लस गेला की आजूबाजूचे ग्रुप थोडे जास्त प्रोटॉन धरतात. तुझा पसरट बँड पण त्यातूनच येतो, कुणाला २० लागलेत कुणाला ३५, सगळी सरमिसळ. शिवाय जास्त सक्सिनिलने प्रोटीन फुगतं आणि जेलमध्ये अडतं, म्हणून नुसत्या अंतरावरून चार्ज काढू नको.

गाईडला आकडा हवा असेल तर टीएनबीएस या रसायनाची टेस्ट कर, मोकळे अमिनो उरले तेवढा पिवळा रंग येतो, साध्या बीएसएशी तुलना केली की झालं.

मृद्गंध:
दोघांचेही खूप आभार! रिअॅक्शन ट्रिस बफरमध्ये, पीएच ८.० ला केली होती, चालेल ना?

जुना_बायोकेमवाला:
नाही रे, ट्रिसला स्वतःलाच अमिनो ग्रुप आहे, तो तुझं अनहायड्राइड खातो. हाफ सॅच्युरेटेड सोडियम ॲसिटेट घे, बर्फावर ठेव, अनहायड्राइड थोडं थोडं टाक. सक्सिनिकवाल्या ट्यूबला फॉस्फेट किंवा बायकार्बोनेट घे आणि पीएच ८ च्या खाली येऊ देऊ नकोस, ॲसिड तयार होत राहतं, तेव्हा सोडियम हायड्रॉक्साइड हाताशी असू दे.