मदत हवी आहे: पन्नाशीत नोकरी सोडायची तर पुंजी किती धरावी?

नमस्कार मंडळी. वय ४१, मुलुंडला राहतो, मुलगी चौथीत. घराचं कर्ज गेल्या वर्षी फिटलं. रोजचे तीन तास लोकलमध्ये जातात आणि बाबांची तब्येत आता नाजूक असते, म्हणून ५० व्या वर्षी नोकरी सोडायची मनापासून इच्छा आहे.

आजचा घरखर्च महिना ७०,००० रुपये. महागाई ६ टक्के धरली तर ९ वर्षांनी तो १,१८,००० च्या आसपास जातो, म्हणजे वर्षाला १४ लाखांहून जास्त. दरवर्षी पुंजीतून ४ टक्के रक्कम खर्चाला काढायचा नियम लावला तर साधारण साडेतीन कोटी लागतात. पण तो नियम अमेरिकेतल्या आकड्यांवरून, ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी काढलेला. मला ३५-४० वर्षं काढायची आहेत, म्हणून ३ टक्के धरावेत का? मग आकडा पावणेपाच कोटींवर जातो आणि छातीत धस्स होतं.

पीपीएफची (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीची) १५ वर्षं २०२९ मध्ये पूर्ण होतील. तो पाच वर्षांनी वाढवावा, की पैसे इंडेक्स फंडात (शेअर बाजाराच्या निर्देशांकानुसार चालणाऱ्या म्युच्युअल फंडात) वळवावेत? एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) आणखी टाकायला मन धजत नाही, कारण मुदतीआधी बाहेर पडलं तर मोठा हिस्सा हातात न मिळता पेन्शन देणाऱ्या विमा योजनेतच अडकतो.

सगळ्यात जास्त काळजी आरोग्य विम्याची. कंपनीची पॉलिसी नोकरीबरोबर जाणार. स्वतंत्र पॉलिसी आत्ताच घ्यावी ना? मुंबईत राहून ज्यांनी लवकर निवृत्ती घेतली आहे, त्यांनी पहिल्या दोन-तीन वर्षांचा खर्च कुठे ठेवला होता, तेही कृपया सांगा.