मदत हवी आहे: मच्छीमाराच्या किसान क्रेडिट कार्डाला सातबारा लागतो का?

नमस्कार मंडळी. आम्ही हर्णैचे, घरची छोटी होडी आहे. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला कृषीचा दर्जा दिला, ती बातमी ऐकून बाबांना भरून आलं होतं. शेतकऱ्यासारखं कर्ज, वीज, विमा, हेच तर मागत होतो. निर्णय चांगलाच आहे, त्याला नावं ठेवणार नाही.

पण बँकेत गेलो तर पहिला प्रश्न, सातबारा कुठे आहे? होडीची नोंदणी, मासेमारी परवाना, सोसायटीचा दाखला, आधार सगळं पुढे ठेवलं. साहेबांनी परवाना उलटसुलट करून पाहिला आणि "वर विचारून सांगतो" म्हणाले. अजून उत्तर नाही. खरं तर हे कार्ड मच्छीमारांना २०१८-१९ पासून लागू आहे!

१ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी. कमाई शून्य, आणि जाळी, इंजिन, रंगकाम सगळा खर्च नेमका तेव्हाच. मग व्यापाऱ्याकडून उचल घ्यावी लागते, आणि पुढे अख्खा हंगाम तो म्हणेल त्या भावाने म्हावरं द्यायचं. बाबांचं आयुष्य यात गेलं, मला ते थांबवायचंय.

रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगडात कुणाला हे कार्ड मिळालंय का? कुठली कागदपत्रं दिलीत? मत्स्यव्यवसाय कार्यालयाचं शिफारसपत्र चालतं का? बँकेने नकार लेखी द्यावा म्हणून अर्ज कसा लिहायचा? कुणाकडे शासन निर्णयाची प्रत असेल तर कृपया टाका.