नाशिकमध्ये अंगावर जाणाऱ्या कुत्र्यासाठी ट्रेनर सुचवा

सायली_गंगापूररोड
नमस्कार मंडळी. आमचा काळ्या देशी आहे, दोन वर्षांचा, घरात नुसता लाडोबा. बाहेर मात्र दुसरं कुत्रं किंवा वेगात जाणारी स्कूटर दिसली की पट्टा ताणून अंगावर जातो. गेल्या आठवड्यात पार्सल घेऊन आलेल्या मुलाची पँट धरली. दात कातडीला लागले नाहीत, पण पोरगं घाबरलं आणि सोसायटीच्या ग्रुपवर व्हायचं ते झालं. सासूबाई आता दारापाशी यायलाही घाबरतात.

दोन ट्रेनरशी बोलले. एक म्हणाला, महिनाभर फार्मवर ठेवा, सुधारूनच परत देतो, मध्ये भेटायला यायचं नाही. दुसऱ्याने कुत्रा न बघता फोनवरच करंटचा पट्टा घ्यायला सांगितला. कोणाकडे जाऊ?

नाशिककर_अमोल
दोघांकडेही नको. आमच्या लॅबला शिकवणाऱ्या बाईंचा नंबर व्यनि (खासगी निरोप) केलाय. त्या पुण्याहून व्हिडिओवर शिकवतात. गरज पडली तरच इकडे येतात.

वसंतकाका
एवढं काय त्यात? गळ्यात चेन घाला, ओढला की एक झटका द्या. कुत्र्याला घरात मालक कोण ते कळलं पाहिजे. आमच्या वेळी ट्रेनर नव्हते आणि कुत्री सरळ होती.

पशुवैद्य_नारोड
काका, तुमच्या वेळी कुत्री अंगणात मोकळी असायची. नको असलेल्या माणसापासून ती लांब जाऊन बसायची. फ्लॅटमधल्या, पट्ट्याला बांधलेल्या कुत्र्याला लांब जाताच येत नाही. मग तो समोरच्याला लांब घालवतो. बहुतेक वेळा हा माज नसतो, भीती असते.

'मालक कोण' ही कल्पना बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणातून आली. ती लोकप्रिय करण्यात ज्यांचा हात होता त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ साली लिहिलं की जंगलातला कळप म्हणजे साधं आईबाप आणि पिल्लांचं कुटुंब असतं, मालकीसाठीची चढाओढ नव्हे. झटका किंवा करंट दिला की कुत्रा गप्प होतो खरा, पण दुसरं कुत्रं दिसलं की मान दुखते एवढंच तो शिकतो. गुरगुरण्याबद्दल मार बसला तर पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो. अमेरिकेतल्या पशुवैद्यकीय वर्तनतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या निवेदनात सगळ्या कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित पद्धतच सुचवली आहे, आक्रमक कुत्रीही त्यात आली.

सायलीताई, ट्रेनरच्या आधी डॉक्टर. कान, दात, कंबर, सांधे नीट तपासून घ्या. दुखणारा कुत्रा लवकर चिडतो आणि पुष्कळदा लंगडतसुद्धा नाही. वागणं अलीकडेच बदललं असेल तर तसं आवर्जून सांगा. थायरॉइड तपासायची का, ते डॉक्टर ठरवतील. भीती फार असेल तर फ्लुओक्सेटिनसारखी औषधं देतात. ती गुंगीची नव्हेत, परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि शिकवणं सोबत चालूच ठेवावं लागतं. माणसाची गोळी मनाने देऊ नका. नसबंदीने हे सुटेल असं कोणी सांगितलं तर नसबंदी जरूर करा, पण भीती तेवढ्याने जात नाही.

मृण्मयी_इंदिरानगर
आमची ठमी अशीच होती, म्हणून सविस्तर लिहिते.

आपल्याकडे ट्रेनर व्हायला परवाना लागत नाही. उद्यापासून मीही पाटी लावू शकते. त्यामुळे फोनवरच विचारा: कुत्र्याने चुकीचं केलं तर तुम्ही काय करता? 'करेक्शन', 'चेन', 'थोडा धाक' असं काही आलं की आभार मानून फोन ठेवा. कुठे शिकलात हेही विचारा. सीपीडीटी-केए वगैरे कुत्र्यांच्या ट्रेनरचं प्रमाणपत्र असेल तर बरं, पण नुसत्या प्रमाणपत्रावर जाऊ नका. मला पटलेली बाई पहिला पूर्ण तास फक्त प्रश्न विचारत होती. कुठे झोपते, काय खाते, कोणाला घाबरते, चावली तेव्हा आधी काय झालं. कुत्रीला हातही लावला नाही. गॅरंटी मागितली तर म्हणाली, 'प्राण्याची गॅरंटी कोण देणार?' तिथेच मी पैसे भरले.

फार्मवर ठेवायचं तर माझं स्पष्ट नाही. तिथे काय करतात ते तुम्हाला दिसणार नाही, आणि काळ्याचा प्रश्न तुमच्या लिफ्टमध्ये आणि तुमच्या गेटवर आहे. शिकायचं त्याच्याइतकंच तुम्हालाही आहे.

काम कंटाळवाणं असतं, आधीच सांगते. दुसरं कुत्रं दिसतंय पण काळ्या अजून खाऊ शकतो, एवढं अंतर शोधायचं. त्या अंतरावर कुत्रं दिसलं की उकडलेलं चिकन. कुत्रं गेलं की चिकन बंद. अंतर हळूहळूच कमी करायचं. तो खायचा थांबला, टक लावून ताठ झाला, म्हणजे तुम्ही फार जवळ आलात. मागे फिरा, रागावू नका. एकाच दिवशी स्कूटर, फटाका आणि शेजारचा पग असं सगळं झालं तर दुसऱ्या दिवशी फिरणं रद्द. घरातच वास हुंगायचे खेळ खेळा.

जॉगिंग ट्रॅक संध्याकाळी विसरा. मखमलाबाद-म्हसरूळकडचे मळ्यांचे रस्ते रिकामे दिसतात, पण मळ्यातली कुत्री मोकळी असतात आणि टोळीने येतात. मी पहाटे रुंद रस्ता धरते, म्हणजे कुत्रं दिसलं की पलीकडे जाता येतं. गणपतीच्या आधी ढोल पथकांचे सराव सुरू झाले की फिरायची वेळ बदला. नाशिक ढोल आपल्याला प्यारा, त्यांना नाही.

पट्टा छातीच्या हार्नेसला लावा. आपोआप लांब होणारा दोरीचा पट्टा अजिबात नको. जाळीचं मझल (मुसकं) घ्या, ज्यात त्याला तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल. कापडी मझलने तोंड बंद होतं, एप्रिलच्या उन्हात ते जिवावर बेतेल. आधी त्यात दही लावून स्वतःहून नाक घालू द्या. लगेच पट्टा आवळाल तर जन्मभर पळेल.

वकील_कॉलेजरोड
कायद्याचं थोडक्यात. पाळीव प्राण्यापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. महापालिकेचा परवाना आणि रेबीजच्या लसीची नोंद हाताशी ठेवा. सोसायटीला बहुमताने कुत्रा काढायला लावता येत नाही, तसं जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण भांडायला जाण्याआधी त्या मुलाची माफी मागितली का?

सायली_गंगापूररोड
मागितली, दुसऱ्याच दिवशी. आता पार्सल गेटवर ठेवायला सांगते. सासूबाईंसाठी काय करू?

मृण्मयी_इंदिरानगर
दाराच्या आत लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक बसवा. बेल वाजली की काळ्या फाटकाच्या आत, चघळायला काहीतरी देऊन. सासूबाईंनी त्याला थोपटायला जाऊ नये, लांबून खाऊ टाकला तरी पुष्कळ.

पशुवैद्य_नारोड
आणि उद्या कोणाला खरंच दात लागला, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायची, हळद-चुना भरायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्याला लस दिली असली तरीही.

वसंतकाका
चिकन खाऊ घालून कुत्रा सुधारतो हे मला पटत नाही. पण तो साबणाचा मुद्दा बरोबर आहे.

सायली_गंगापूररोड
अमोलदादा, नंबर मिळाला. बाईंनी काळ्याचे व्हिडिओ मागितलेत, तो भुंकतानाचे. उद्या खाली नेऊन काढू का?

पशुवैद्य_नारोड
मुद्दाम भुंकवून नको. सोसायटीच्या गेटवर कॅमेरा असेल तर त्यातलं द्या, नाहीतर तोंडी सांगितलेलं पुरे.