गाठ लागत नसताना मान का उघडायची?

दर्यापूरकर: काल एकाने लिहिलं की तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेत गाठ नसताना मान उघडून लसिका ग्रंथी (नोड) काढतात ते फक्त बिल वाढवायला. डोकंच फिरलं. अहो, परळच्या टाटातली डी'क्रूझ यांची ट्रायल आहे, २०१५ ची, ५०० पेशंट. मान आधीच साफ केली तर तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत, गाठ येईपर्यंत थांबले त्यांच्यात ६७.५. अजून काय पुरावा पाहिजे?

वारणाकाठ: ते मीच लिहिलं होतं. टक्के तुमच्याकडेच ठेवा. वडिलांच्या काढलेल्या एकाही नोडमध्ये कॅन्सर निघाला नाही आणि आता उजवा हात डोक्यावर जात नाही. शेती कशी करायची त्यांनी?

फिजिओताई: दादा, मानेतल्या नोडच्या पहिल्या तीन लेव्हलच (म्हणजे गटच) काढल्या होत्या का पूर्ण मान? तीन लेव्हलमध्ये खांदा उचलणारी नर्व्ह वाचवतात, पण टू-बी, म्हणजे तिच्या मागचा वरचा भाग, साफ करताना ती ताणली जाते. व्यायाम लगेच सुरू केले का?

वारणाकाठ: कुणी सांगितलंच नाही!! डिस्चार्ज दिला, गोळ्या दिल्या, झालं.

पुणे३०: म्हणूनच सेंटिनल नोड करा ना, म्हणजे कॅन्सर आधी जिथे पोचेल तेवढेच नोड काढून तपासा. फ्रान्सची २०२० ची ट्रायल बघा, दोन वर्षांनी रिझल्ट सारखेच, खांद्याचा त्रास सुरुवातीचे महिने कमी.

दर्यापूरकर: आणि तो नोड शोधायला लागणारं किरणोत्सारी औषध (आयसोटोप) आणि ते टिपणारं यंत्र (गॅमा प्रोब) तालुक्याला कुठून आणायचं? माझा चुलतभाऊ 'दर महिन्याला दाखवा' वर सोडला होता, पेरणीत दोन फेऱ्या चुकल्या, आला तेव्हा गाठ चिकटलेली.

टपरीविरोधी: तुम्ही मानेवर भांडा. गुटखाबंदी २०१२ ची, आणि आमच्या शाळेसमोर आजही पुडी मिळते.

वारणाकाठ: पुडी कोण विकतं ते पोलिसांना माहीत नाही असं सांगू नका.

टपरीविरोधी: माहीत आहे म्हणूनच बोलतोय! सुपारी वेगळी, तंबाखू वेगळी, दोन पुड्या एकत्र केल्या की झाला गुटखा, कायदा बघत बसतो. आठवीतल्या पोराचं तोंड दोन बोटं उघडत नाही, मी स्वतः बघितलंय.

फिजिओताई: त्या पोराला दाखवलं का कुठे? ते आधी करा, प्लीज.

टपरीविरोधी: बापच खातो, तो काय नेणार.

पुणे३०: विषय मानेचा होता.

वारणाकाठ: बरं, जीव वाचत असेल तर करा म्हणतो मी, नाइलाजाने. पण खांद्याचं आधी सांगायला काय जातं? आणि तीन मिलीमीटरपेक्षा कमी खोल जखमेलाही तेच का?

दर्यापूरकर: तीनच्या आत फायदा स्पष्ट दिसला नाही, हे त्याच पेपरात आहे. तेवढं तुमचं बरोबर. बिलाचं मात्र मी मानणार नाही.